मिटणारे दिवे आणि मेकॅनिकची बोटे

जुन्या स्पोर्ट्स कारचे ते दिवे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असतील, निदान चित्रपटांत किंवा व्हिडिओ गेममध्ये तरी. गाडीचे नाक सपाट असते. बटण दाबताच त्यातून दोन झाकणे वर येतात आणि गाडी जणू डोळे उघडते. जगभर त्यांना पॉप-अप हेडलाइट म्हणतात. या धाग्यात मी ‘मिटणारे दिवे’ म्हणेन. त्यांच्या देखणेपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा विषय त्यांच्यापाशी हात घालून काम करणाऱ्या माणसाचा आहे. या गाड्या आता वीस ते साठ वर्षांच्या झाल्या आहेत, त्यांची डागडुजी बहुधा हौशी मालक स्वतःच करतात आणि झाकणाच्या फटीत बोट सापडणे हा त्या कामातला नेहमीचा धोका आहे. हा धोका यंत्रात कसा शिरला, याचे उत्तर अभियांत्रिकीइतकेच कायद्याच्या इतिहासात सापडते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रारंभ १९३५ च्या नोव्हेंबरातला, न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनातला. गॉर्डन ब्यूरिग या रचनाकाराची ‘कॉर्ड ८१०’ ही गाडी तेथे लोकांपुढे आली. त्या काळी हेडलाइट म्हणजे मडगार्डवर किंवा रेडिएटरच्या दोन बाजूंना बसवलेले मोठे वाडगे असत. ब्यूरिगने ते मडगार्डच्या पोटात दडवले. त्यासाठी उपयोगी पडले विमानाचे दिवे. कंपनीचे मालक कॉर्ड यांच्याच ताब्यात स्टिन्सन ही विमान कंपनी होती आणि तिच्या विमानांवरचे, जमिनीवर उतरताना लावायचे दिवे या गाडीसाठी वापरले गेले.

कॉर्डचे दिवे उघडण्यासाठी मोटर नव्हती. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल होती, एक चालकापुढे आणि दुसरे शेजारी बसणाऱ्यापुढे. अंधार पडू लागला की ती हाताने फिरवायची. पुढच्या पिढीला ही पद्धत हास्यास्पद वाटली. मला मात्र तिच्यात एक शहाणपण दिसते. हाताने फिरवलेल्या यंत्राला स्पर्शज्ञान असते. झाकणात काही अडकले तर हँडल जड लागते आणि माणूस थांबतो. पुढे १९६८ साली जर्मनीत आलेली ओपेल जीटी किंवा १९७० ची स्वीडिश साब सॉनेट ३ यांतही दिवे तरफेनेच, म्हणजे चालकाच्या मनगटाने, उघडत. अशा गाडीपाशी काम करताना धोका एवढाच की तरफ कोणाच्या हातात आहे हे ठाऊक असले पाहिजे. मोटर आली तेव्हा हे स्पर्शज्ञान गेले. अडलेली वस्तू लाकूड आहे, बर्फ आहे की बोट, हे मोटरला कळत नाही.

(१९४२ च्या डिसोटो गाडीतही झाकलेले दिवे होते, पण त्याच वर्षारंभी युद्धामुळे अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि तो प्रयोग तेथेच विरला.)

आता कायद्याकडे वळू. १९४० पासून अमेरिकेत सात इंच व्यासाचा, गोल, ‘सील्ड बीम’ प्रकारचा दिवा प्रमाण ठरला. सील्ड बीम म्हणजे तंतू, आरसा आणि काच असा सारा संच एकत्र बंद केलेला. बिघडला की अख्खा बदलायचा. हेतू चांगलाच होता. कोणत्याही गावातल्या कोणत्याही दुकानात कोणत्याही गाडीचा दिवा मिळावा, आणि जुन्या दिव्यांचे आरसे काळवंडून प्रकाश मंद होत असे तेही टळावे. पुढे १९५७–५८ च्या सुमारास पावणेसहा इंचांच्या चार दिव्यांची आणि १९७५ मॉडेलपासून चौकोनी दिव्यांची मुभा मिळाली. पण दिव्याचा आकार रचनाकाराने ठरवायचा नाही, हे तत्त्व चार दशके अढळ राहिले. याच्या जोडीला दिवा जमिनीपासून किमान किती उंच असावा याचेही नियम होते; ब्रिटन आणि अमेरिकेत ही मर्यादा साधारण दोन फूट होती.

स्पोर्ट्स कारचे नाक मात्र वाऱ्याला चुकवण्यासाठी खाली जाऊ पाहत होते. दिवा मोठा, गोल आणि उंच हवा. नाक पातळ, निमुळते आणि खाली हवे. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या तर एकच वाट उरते: दिवसा दिवा खाली ठेवायचा आणि रात्री वर आणायचा. काचेच्या उतरत्या आवरणाखाली दिवा लपवण्याची पळवाट होती, पण अमेरिकेने तीही बंद केली. संघीय वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०८ लागू झाल्यावर १९६८ च्या मॉडेलपासून जॅग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरची सुंदर काच गेली. फेरारीची ‘डेटोना’ १९६८ साली पारदर्शक पट्टीमागे दिवे घेऊन आली होती. अमेरिकी बाजारासाठी १९७१ मध्ये तिला मिटणारे दिवे घ्यावे लागले.

मधल्या काळात, १९६२ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या प्रदर्शनात लोटस कंपनीची ‘एलान’ आली. तिच्या रचनेमागचा प्रमुख माणूस रॉन हिकमन. एलानचे नाक इतके खाली होते की नियमाच्या उंचीवर दिवा बसेना. म्हणून दिवे मिटणारे केले आणि ते हलवण्यासाठी इंजिन हवा ओढून घेते तेव्हा निर्माण होणारा व्हॅक्यूम वापरला. या व्हॅक्यूमचा साठा करण्याची जागाही चतुराईने शोधली: चासीचा पुढचा पोकळ आडवा भागच टाकी झाला. जाता जाता सांगतो, याच हिकमनने पुढे ‘वर्कमेट’ हे घडीचे कामाचे टेबल शोधून काढले. घरच्या घरी लाकूड कापताना ते घट्ट धरून ठेवणारे, हौशी कारागिराचे बोट वाचवणारे साधन. ज्याच्या गाडीच्या दिव्यात बोट सापडू शकते, त्यानेच बोटे वाचवण्याचे टेबलही द्यावे, हा इतिहासाचा गमतीदार योग आहे.

एलानच्या सुरुवातीच्या गाड्यांत व्हॅक्यूम दिवे वर उचलत असे. कोठे गळती झाली की दिवे हळूहळू खाली पडत. रात्री, वळणावर, वेगात असताना गाडीने डोळे मिटणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रेमध्ये प्रत्येक दिव्याला स्वतःची विजेची मोटर होती; १९६८ च्या नव्या कॉर्व्हेटने पुन्हा व्हॅक्यूमचा आश्रय घेतला. झाकलेल्या दिव्यांची संख्या वाढू लागली तशी कायद्याला त्यांची दखल घ्यावी लागली.

ती दखल म्हणजे १ जानेवारी १९६९ पासून लागू झालेले मानक क्रमांक ११२. विषय एकच: हेडलाइट झाकणारी यंत्रणा. मला हा छोटासा मजकूर फार बोलका वाटतो, म्हणून त्याचा आशय थोडा सविस्तर देतो. दिवा लागलेला असताना वीज वा व्हॅक्यूम गेला तरी उघडलेले झाकण उघडेच राहिले पाहिजे. यंत्रणेत बिघाड झाला तर बंद झाकण आपोआप, किंवा एखाद्या स्विच-तरफेने, किंवा अन्य मार्गाने, पण कोणतेही हत्यार न वापरता पूर्ण उघडता आले पाहिजे. झाकण उघडणे आणि दिवा लावणे हे एकाच स्विचने साधले पाहिजे. उणे २० ते १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे २९ ते ४९ अंश सेल्सियस, एवढ्या तापमानात झाकण तीन सेकंदांच्या आत पूर्ण उघडले पाहिजे. आणि दिवा बसवताना किंवा त्याचा रोख जुळवताना झाकणाच्या यंत्रणेचा भाग काढावा लागू नये.

या कलमांत वारंवार दिसणारा माणूस कोण? रात्री रस्त्यावर असलेला चालक. दुरुस्ती करणारा माणूस एकदाच डोकावतो, तोही कामाच्या सोयीपुरता: झाकण न काढता त्याला दिवा जुळवता यावा. झाकण मिटताना त्याचे बोट कोठे असेल, हा प्रश्न त्या मजकुरात नाही. उलट चालकाला वाचवणारी कलमेच बोटाला महाग पडतात. गोठलेल्या हवेतही तीन सेकंदांत उघडायचे म्हणजे मोटर जोमदार हवी. आणि जी मोटर बर्फाचा पापुद्रा फोडू शकते तिला बोटाची काय मातब्बरी? व्हॅक्यूम गेला तरी दिवा वर राहावा, म्हणून नंतरच्या काही एलान गाड्यांत व्यवस्था उलटी झाली: व्हॅक्यूम दिवा खाली धरून ठेवी आणि स्प्रिंग त्याला वर ढकली. रस्त्यावर हे सुरक्षित. गॅरेजात मात्र अशा गाडीची नळी सोडवताच दिवा उसळून वर येतो.

हा दोष कायदा करणाऱ्यांचा होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोरचा प्रश्न खरा होता आणि त्यांनी तो सोडवला. पण तुलना करून पाहण्यासारखी आहे. कारखान्यात यंत्रात सापडणाऱ्या हातांचा विचार कायद्याने फार आधी केला होता. आपल्याकडच्या १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाचे २१ वे कलम यंत्राभोवती कुंपण घालायला सांगत असे आणि २२ वे कलम चालत्या यंत्रापाशी काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत इथपर्यंत बारकाव्यात शिरत असे. अमेरिकेत १९८९ च्या सप्टेंबरात कामगार सुरक्षा खात्याने यंत्रातील साठलेल्या ऊर्जेविषयी नियम काढला: दुरुस्तीपूर्वी यंत्राचा ऊर्जापुरवठा तोडा, तेथे कुलूप लावा, पाटी लटकवा, आणि स्प्रिंग वा दाब यांत उरलेली ऊर्जाही सोडवा. योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझदाची ‘एमएक्स-५’, म्हणजेच ‘मियाटा’, अवतरली होती. तिच्यावर जुन्या एलानचा ठसा स्पष्ट होता, मिटणाऱ्या दिव्यांसह. कारखान्यातल्या कामगाराला कुलूप आणि पाटी मिळाली. रविवारी अंगणात बॉनेट उघडणाऱ्या हौशी मालकाला मिळाली ती गाडीसोबतच्या पुस्तिकेतली थोडीशी सूचना.

मियाटा हे या कुळाचे सर्वांत लोकप्रिय रूप, म्हणून तिच्याच यंत्रणेवर थोडे थांबू. प्रत्येक दिव्याला एक मोटर. मोटरला एक लहान भुजा, भुजेला एक दांडी आणि दांडीला दिव्याचा साचा. भुजा अर्धा फेरा फिरली की दिवा वर, उरलेला अर्धा फिरली की खाली. दोन्ही टोकांना भुजा आणि दांडी जवळजवळ एका रेषेत येतात. त्यामुळे समोरचा वारा दिवा खाली दाबू शकत नाही. पण याच रचनेची दुसरी बाजू अशी की रेषा जुळत येते तसतसा हालचालीचा वेग घटतो आणि जोर झपाट्याने वाढतो. झाकण मिटताना शेवटची काही मिलिमीटर फट ही सर्वांत मंद दिसते आणि सर्वांत निष्ठुर असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, झाकण आता थांबलेच.

मोटरच्या टोकाला रबरी टोपीखाली हाताने फिरवायची एक गुंडी असते. बिघाडातही हत्याराविना उघडता आले पाहिजे, या कायद्याच्या अटीचे हे मूर्त रूप. पुस्तिकेतला क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्विच बंद, मग ‘रिट्रॅक्टर’ नावाचा फ्यूज काढायचा, आणि त्यानंतरच गुंडीला हात लावायचा. हा क्रम का? कारण मोटर अडकली आहे म्हणजे ती मेली आहे असे नव्हे. कोठेतरी तार सैल असते, रिले चिकटलेला असतो, भुजा जरा हलताच संपर्क जुळतो आणि मोटर आपला उरलेला फेरा पुरा करते. गुंडीवर त्या वेळी माणसाची बोटे असतात. (अलीकडे काही तरुण मालक याच गुंडीने दिवे मुद्दाम अर्धोन्मीलित ठेवतात, गाडी पेंगुळलेली दिसावी म्हणून. छायाचित्रापुरते ठीक, रात्री प्रकाशाचा रोख बिघडतो.)

याहून फसवा धोका स्विचच्या स्मरणाचा आहे. अशा यंत्रणेत स्विच ‘वर’ किंवा ‘खाली’ असा आदेश देऊन ठेवतो आणि वीज मिळाली की मोटर त्या आदेशाशी जुळेपर्यंत फिरते. बॅटरी तोडलेली असताना कोणी आत बसून सहज बटण दाबले, तर त्या क्षणी काहीच घडत नाही. घडते ते तासाभराने, बॅटरी पुन्हा जोडताना. म्हणून दिवा बदलायचा असेल तर आधी स्विचनेच दिवा वर आणावा, स्विच त्याच स्थितीत राहू द्यावा, मग फ्यूज काढावा किंवा बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूला बांधावी, आणि काम संपेपर्यंत आत कोणाला बसू देऊ नये. किल्ली खिशात आहे या गोष्टीवर विसंबून राहणे धोक्याचे. हेडलाइटचा पुरवठा अनेक गाड्यांत किल्लीवर अवलंबून नसतो.

पोर्शे ९२४ आणि ९४४ यांत आणखी एक खुबी आहे. तेथे दोन्ही दिव्यांना मिळून एकच मोटर आणि आडवा जोडदांडा आहे. डावीकडचा माणूस गुंडी फिरवतो आणि उजवीकडचा दिवा हलतो. दोघे मिळून काम करत असतील तर बोलल्याशिवाय कोणी काही फिरवू नये, एवढा साधा नियम येथे पुरतो.

व्हॅक्यूमच्या गाड्यांचा स्वभाव निराळा. इंजिन बंद, बॅटरी तोडलेली, तरीही टाकीत व्हॅक्यूम शिल्लक असतो आणि तो दिवा हलवू शकतो. त्याचा जोर किती, याचा अंदाज कागदावर करता येतो. समजा, यंत्रणेतल्या पडद्याचा व्यास दहा सेंटिमीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. दाबातला फरक वातावरणाच्या निम्मा धरला तरी पडद्यावर सुमारे चाळीस किलो वजनाइतका जोर येतो. म्हणून १९६८ नंतरच्या कॉर्व्हेटमध्ये किंवा एलानमध्ये हात घालण्यापूर्वी टाकीची नळी सोडवून साठा रिकामा करावा. मात्र तसे करताना दिवा कोणत्या दिशेने जाईल हे आधी समजून घ्यावे आणि हात त्या वाटेत ठेवू नये. त्यानंतर दिव्याच्या साचाखाली लाकडी पाचर द्यावी. लाकूडच का, तर ते रंग खरवडत नाही, विजेच्या तारांना शॉर्ट करत नाही आणि चुकून दाब आलाच तर आधी ते चेपते.

जपानी कंपन्यांनी हे दिवे सर्वसामान्यांपर्यंत नेले: १९७८ ची माझदा आरएक्स-७, १९८३ ची टोयोटा ट्रुएनो, होंडाची प्रिल्यूड. परंतु ज्या काळात त्यांची लाट सर्वांत उंच होती, त्याच काळात त्यांचे कारण नाहीसे झाले. अमेरिकेने बल्ब बदलता येणाऱ्या, हव्या त्या आकाराच्या दिव्यांना परवानगी दिली आणि १९८४ ची लिंकन मार्क ७ असे दिवे घेऊन रस्त्यावर आली. आता दिवा स्वतःच नाकाच्या उतारात सामावू शकत होता. पादचाऱ्यांच्या रक्षणासाठी युरोपात केलेल्या नियमांनी हे दिवे संपवले, असे हमखास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. युरोपीय संघाचा तो निर्देश २००३ चा, आणि नव्या मॉडेलांना तो २००५ पासून लागू झाला. दुसऱ्या पिढीच्या मियाटाने १९९८ सालीच स्थिर दिवे घेतले होते आणि उरलेल्या दोन गाड्या, कॉर्व्हेटची पाचवी पिढी व लोटस एस्प्रिट, २००४ मध्येच थांबल्या. वजन, खर्च आणि दुरुस्तीची कटकट यांनी निर्णय आधीच दिला होता.

गाड्या मात्र उरल्या, आणि त्यांच्यासोबत म्हातारपणाचे विकारही. पाँटिअॅक फिएरोसारख्या गाड्यांत मोटरमधले प्लास्टिकचे तुकडे झिजून भुगा होतात. मोटर फिरल्याचा आवाज येतो, दिवा जागचा हलत नाही. अशा वेळी मालक हाताने दिव्याला ‘जरा मदत’ करू पाहतो. हे टाळावे. झिजलेला गिअर मध्येच पकड घेतो, तेव्हा मदत करणारा हात नेमका फटीत असतो.

सील्ड बीम बदलताना एक लहानसे पथ्य. दिव्याभोवती दोन प्रकारचे स्क्रू दिसतात. कडे धरून ठेवणारे स्क्रू लहान असतात, ते काढायचे. प्रकाशाचा रोख ठरवणारे स्क्रू स्प्रिंगवर ताणलेले असतात, त्यांना हात लावायचा नाही. अन्यथा दिवा नवा लागतो आणि प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ज्या गाड्यांत सुटा हॅलोजन बल्ब आहे तेथे तो गार होऊ द्यावा आणि त्याच्या काचेला उघड्या बोटांनी शिवू नये.

काम झाल्यावर हत्यारे मोजावीत, पाचर काढावी, आतला स्विच आपण ठेवला तसाच आहे ना ते पाहावे, सगळ्यांना गाडीच्या नाकापासून दूर करावे आणि मग फ्यूज बसवावा. पहिली उघडझाप दुरूनच पाहावी, एकदा वर आणि एकदा खाली. दोन्ही दिवे बरोबर उठले आणि बरोबर बसले, की बॉनेट लावायला हरकत नाही.